फुटाला इंच

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर घर बांधत होते. दोन फूट रुंद, दीड फूट खोल, आणि राहायला कुणीच नाही. :-)

धाकट्या भावाने अमेरिकेहून येताना त्याच्या लेकीसाठी बाहुलीघराचं किट आणलं होतं. त्या लेकीने दोन दिवस उत्साहाने पॉलिश पेपर घासला, मग तिला सायकल मिळाली आणि खोकं माझ्याकडे आलं. आत तीन मिलिमीटर जाडीच्या प्लायचे तक्ते, त्यात कापून ठेवलेले तुकडे, प्रत्येकाला आकडा, आणि एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसवत जायचं. पाकिटावर चित्र होतं ते टोकदार छपराच्या, पुढे व्हरांडा असलेल्या, शेकोटीची चिमणी काढलेल्या दोनमजली घराचं. असलं घर आमच्या खानदानात कुणी पाहिलेलं नाही, भावानेसुद्धा नाही. तो फ्लॅटमध्ये राहतो.

मग डोक्यात आलं की याचं कळमन्याचं घर करावं.

आमच्या नातलगांना सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी: कळमना म्हणजे आता लोकांना बाजार समितीचं यार्ड. धान्य, संत्री, कांदे-बटाटे, आणि हंगामात लाल मिरचीचे असे ढीग की रस्त्याने जाणारा शिंकत जातो. पण यार्डाच्या आधी तिथे गाव होतं आणि गावात आमचं कवेलूचं घर होतं. पुढे छपरी, छपरीत बंगई, मधे माजघर, बाजूला स्वयंपाकाची खोली, वर माळा, मागे सांदवाडी. २०१९ मध्ये ते विकलं. आता तिथे गोडाऊन आहे. फोटो आहेत, पण सगळे लग्नांमधले आणि सगळे पुढच्या बाजूचे. नवरदेव छपरीत, वऱ्हाड छपरीत, आजोबा बंगईवर. आतलं घर कुठल्याच फोटोत नाही.

तर किट जुळवता जुळवता मी या प्रकाराचा इतिहास वाचायला लागले, आणि पहिलाच धक्का असा की बाहुलीघर हे मुळात खेळणं नव्हतंच.

ज्याची लेखी माहिती मिळते असं सर्वांत जुनं बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक पाचवा आल्ब्रेख्त याने करवून घेतलं, १५५८ साली पुरं झालं. मुलीसाठी म्हणून करवलं असं सांगतात, पण ठेवलं मात्र म्युनिकच्या संग्रहालयात, पाहुण्यांना दाखवायला. सतराव्या शतकात आग लागली आणि ते गेलं. तरी आज आपल्याला त्यात काय काय होतं ते ठाऊक आहे, कारण १५९८ मध्ये फिक्लर नावाच्या माणसाने ड्यूकच्या संग्रहाची यादी लिहून ठेवली होती. तबेला, कोठार, न्हाणीघर, स्वयंपाकघर, प्रार्थनाघर, सगळं यादीत. घर जळालं, यादी उरली. हे वाचल्यावर मी किटचे तुकडे बाजूला ठेवले आणि वही घेतली.

पण वहीकडे नंतर येते. आधी न्यूर्नबर्ग. या जर्मन गावात सतराव्या शतकात बाहुलीघरं करायची मोठी चाल होती. १६३१ साली तिथल्या आना क्योफरलिन नावाच्या बाईने एक मोठं घर तयार करून पैसे घेऊन लोकांना दाखवलं आणि त्याचं छापील पत्रक काढलं. मुलींनी हे बघावं आणि घर कसं चालवायचं ते शिकावं, हा हेतू. म्हणजे खेळायचं नाहीच, हात लावायचा नाही, बघून शहाणं व्हायचं. ही क्योफरलिनबाई मला फार ओळखीची वाटते. आपल्याकडे असती तर हळदीकुंकवाला बोलावून तिने मुलींना कपाट उघडून दाखवलं असतं, आणि वर म्हटलं असतं, 'हात नका लावू गं, फक्त बघा.'

त्याच गावातलं १६३९ सालचं एक घर तिथल्या संग्रहालयात अजून आहे. त्यात दिवाणखाने वर, आणि तळाशी तबेला, कोठारं, नोकरमाणसांच्या खोल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग हॉलंड. ॲम्स्टरडॅमच्या रेशमाच्या व्यापाऱ्याची बायको पेट्रोनेला ओर्टमान हिने १६८६ पासून १७१० पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षं, एका उंच कपाटात घर भरवलं. नऊ खोल्या. बशा खऱ्या चिनी मातीच्या, टोपल्या खऱ्या विणलेल्या, भिंतीवरची चित्रं खऱ्या चित्रकारांची. एवढ्या पैशात कालव्याकाठी खरं घर आलं असतं असं म्हणतात. हे कपाट आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यात स्वयंपाकघरं दोन, एक दाखवायचं आणि एक रांधायचं. (हे वाचून आई म्हणाली, 'मग? आपल्या साऱ्या फ्लॅटवाल्यांकडे तेच असते.') आणि एक बाळंतिणीची खोली. त्या काळच्या डच बाहुलीघरांत ही खोली असायचीच, कारण बाळंतिणीला बघायला बायका येणार, तेव्हा घराची श्रीमंती तिथे दिसणार. याकोब अप्पेल नावाच्या चित्रकाराने १७१०च्या सुमारास या कपाटाचं चित्र काढलं. चित्रात खोल्याखोल्यांतून बाहुल्या उभ्या आहेत. खऱ्या कपाटातल्या त्या बाहुल्या पुढे हरवल्या. खुर्च्या शाबूत, बशा शाबूत, माणसं तेवढी गेली.

इंग्लंडमध्ये याला पूर्वी 'बेबी हाऊस' म्हणत, पण त्यातली बेबी म्हणजे बाळ नव्हे, बाहुली. लहान मुलांच्या हातात ते खऱ्या अर्थाने एकोणिसाव्या शतकात आलं, जेव्हा जर्मनीत आणि मग अमेरिकेत कारखान्यांतून स्वस्त घरं निघायला लागली. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडची ब्लिस कंपनी तर लाकडावर रंगीत छापील कागद चिकटवून विटा, खिडक्या, पडदे सगळं एका दमात उरकत असे. माझ्याकडच्या किटचे आजे-पणजे हेच. प्लाय कापून सुटे तुकडे विकायची पद्धत बोकाळली ती १९७०च्या दशकात, अमेरिकेत मोठ्या माणसांना हा छंद लागला तेव्हा. म्हणजे फिरून पुन्हा मोठ्यांकडेच आलं.

आता आपलं काय? मी बरीच आठवण ताणली. आपल्याकडे बाहुली होती, बाहुला-बाहुलीचं लग्न होतं, वऱ्हाड होतं, पंगत होती. पण बाहुलीचं घर नव्हतं. भातुकली होती. पुण्याच्या विलास करंदीकरांनी भातुकलीची हजारो भांडी जमवली आहेत, बंब, जातं, शेगडी, पाणी तापवायचं घंगाळ, काय म्हणाल ते. सावंतवाडीची चितारी मंडळी पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची रंगीत खेळणी करतात, त्यातही पोळपाट-लाटणं आहे. म्हणजे घरातली प्रत्येक वस्तू छोटी झाली, फक्त घर छोटं झालं नाही. भिंत कुणी केली नाही.

मला याचं कारण सरळ वाटतं. डच बाईला घर दाखवायचं होतं, आपल्या मुलीला घर चालवायचं होतं. चालवायला भांडी लागतात, भिंती लागत नाहीत. जिन्याखालची जागा, माळ्याचा कोपरा, बंगईखालची सावली पुरते. घर उसनं घेता येतं, तवा घेता येत नाही.

आणि दाखवायची हौस आपल्याला नव्हती असंही नाही. ती रुखवतात निघाली. लग्नाच्या मांडवात एका बाजूला टेबलं लावून मांडलेला तो संसार आठवा. त्यात आइस्क्रीमच्या काड्यांचा बंगला असतोच, आगपेटीच्या काड्यांची विहीर असते, हिरवा भुसा पसरून केलेली बाग असते. 'मुलीच्या हातचं आहे हो!' असं सांगणारी एक मावशी शेजारी उभी असते. ओर्टमानबाईंचं कपाट आणि आपलं रुखवत यांचा गोत्रसंबंध माझ्या मते पक्का आहे. आमच्या धाकट्या आत्याच्या रुखवतात थर्मोकोलचा ताजमहाल होता, आणि तो सासरी पोचेपर्यंत एक मिनार राहिला होता.

शिवाय बिहार-उत्तर प्रदेशात दिवाळीला मुली मातीचा घरौंदा करतात. आमच्या गल्लीत यार्डात काम करणारी त्या बाजूची काही कुटुंबं होती; त्यांच्या अंगणात दरवर्षी विटा-मातीचं दुमजली घर उभं राहायचं, चुन्याने रंगवलेलं, आत चुरमुरे आणि बत्तासे. आम्ही ते बघायला जायचो. आमच्याकडे लाकडाचा खेळ एकच, तान्हा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लाकडी नंदी सजवून न्यायचे आणि घरोघर बोजारा मागायचा. ही चाल दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांपासून (कारकीर्द १७८८ ते १८१६) सुरू झाली असं नागपुरात मानतात. म्हणजे नागपूरकराने बैल छोटा केला, घर नाही. शेतकरी गावाला साजेसंच आहे म्हणा.

असो. आता मापाकडे. माझं किट एकास बारा मापाचं आहे, म्हणजे खऱ्या घराचा एक फूट तो इथे एक इंच. या मापाला मोठी प्रतिष्ठा मिळाली ती इंग्लंडच्या राणी मेरीच्या बाहुलीघरामुळे. १९२१ ते १९२४ या काळात ते तयार झालं आणि १९२४ मध्ये वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात मांडलं. आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. नळाला पाणी येतं, दिवे लागतात, लिफ्ट चालते. ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली बोटाएवढी पुस्तकं आहेत, कॉनन डॉइलने त्यासाठी शेरलॉक होम्सची एक चिमुकली गोष्ट लिहिली. खालची बाग गर्ट्रूड जेकिल या बाईंनी आखलेली, आणि ती ओढायच्या खणात आहे!

या घराचा वास्तुरचनाकार कोण? एडविन लट्यन्स. तोच, दिल्लीचा. १९१२ पासून तो व्हाइसरॉयच्या घराच्या, म्हणजे आजच्या राष्ट्रपती भवनाच्या, कामात होता आणि ते पुरं व्हायला १९२९ उजाडलं. म्हणजे एकाच माणसाच्या टेबलावर एकीकडे रायसीना टेकडीवरचा तो प्रचंड वाडा आणि दुसरीकडे टेबलावर मावणारा राजवाडा. दोन्ही एकाच साम्राज्याचं रुखवत. पण एक गोष्ट मान्य करायला हवी: राणीच्या बाहुलीघरात मोलकरणींच्या झोपायच्या खोल्या आहेत. न्यूर्नबर्गच्या घरातही नोकरांची खोली होती. दाखवायचं घर असूनही, राबणारी माणसं कुठे निजतात ते त्यांनी वगळलं नाही.

आता वही. मी नातलगांना फोन लावले. मोठे काकाजी, दोन्ही आत्या, दादा, वहिनी, चुलत बहिणी. प्रश्न एकच: कळमन्याच्या घरात काय काय होतं? फिक्लरसारखी यादी करायची. पहिल्या आठवड्यात सगळे खुशीत. काकाजींनी छपरीची मापं सांगितली, चोवीस फूट रुंद, सहा फूट खोल. दादाला बंगईच्या कड्या आठवल्या. मोठ्या आत्याने देवघराचा कोनाडा, दिवळी, पाटा-वरवंटा, धान्याच्या कोठ्या, उखळ सांगितलं. स्वयंपाकाच्या खोलीतल्या चुलीचं तोंड कुठल्या दिशेला यावर दोन बहिणींत वाद झाला आणि तो अजून मिटलेला नाही.

त्याप्रमाणे काम सुरू केलं. शेकोटीच्या जागी देवघराचा कोनाडा बसला, अगदी मापात. वरच्या मजल्याच्या भिंती कापून निम्म्या केल्या, त्याचा माळा झाला. जिना काढून शिडी लावली. टोकदार छप्पर उतरवून दोन पाखी केली. छपरीच्या उताराला मात्र कागदाचं कवेलू चालणार नव्हतं, ते मातीचंच हवं. गावातला कुंभार चाकावर नळा काढून, जरा सुकल्यावर मधोमध चिरायचा आणि एका नळ्याचे दोन कवेलू व्हायचे. मीही तेच केलं, चाकाऐवजी पेन्सिल. माती लाटायची, पेन्सिलीला गुंडाळायची, ब्लेडने दोन्हीकडून चिरायची, वाळवायची. खरं कवेलू वीतभर, म्हणजे माझं दीड-पावणेदोन सेंटिमीटर. खालचा थर उताणा, वरचा पालथा. सगळे मिळून बाराशेच्या आसपास लागले. आईने रोज दुपारी बसून निम्मे केले आणि रोज म्हणाली, 'हे कायले करून राह्यली तू?'

दारं-खांबांसाठी लकडगंजला गेले. विदर्भातल्या माणसाला लाकूड म्हटलं की सागवान. २०२३ साली दिल्लीत नवं संसद भवन उघडलं त्यातलं सागवान नागपूरचं, आणि त्याच वर्षी अयोध्येच्या मंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, याचा आम्हाला फार अभिमान. पण तिथल्या म्हाताऱ्या सुताराने माप बघितलं आणि मान हलवली. सागाच्या रेषा मोठ्या. अर्ध्या इंचाच्या खांबावर ती रेषा अशी दिसते की खांब जणू डोंगराएवढ्या झाडातून काढलाय. रेषेला काही फुटाला इंच करता येत नाही. त्याने हळदू दिलं. पिवळसर, बारीक पोताचं. पूर्वी याच्या फण्या व्हायच्या, सूतगिरण्यांच्या कांड्या व्हायच्या. घासलं की हस्तिदंतासारखं गुळगुळीत होतं. पैसे घेतले नाहीत, उरलेला तुकडा होता म्हणाला.

हे सगळं झालं, आणि मग धाकट्या आत्याचा फोन आला. ती यादी वाचून घेत होती. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, 'मागची जागा नाही लिहिली कुणी?'

मागची जागा म्हणजे सांदवाडीच्या दारापाशी, गोठ्याच्या भिंतीला लागून, वर पत्रा टाकलेला कोपरा. घरातल्या बायका महिन्याचे तीन दिवस तिथे बसायच्या. आजी, दोन्ही आत्या, काकू, आई. तरट वेगळं, तांब्या वेगळा, ताट वरून टाकायचं. आम्ही मुलं 'कावळा शिवला' म्हणून लांबून जायचो. गडचिरोलीच्या माडिया गावांतल्या कुर्माघरांबद्दल वर्तमानपत्रात आलं की आमच्याकडे सगळे हळहळतात. पण आपल्याच घरात कोपरा होता, तो सहा जणांच्या यादीत आला नाही. आईनेसुद्धा सांगितला नाही. विचारलं तर म्हणाली, 'ते काय घरात होतं? बाहेर होतं.'

फॅमिली ग्रुपवर मी लिहिलं की तो कोपरा करणार आहे. काकाजींचं उत्तर आलं: लेकराच्या खेळण्यात हे घाणेरडं कशाला. मोठ्या आत्याने लिहिलं की त्या तीन दिवसांत तेवढाच आराम मिळायचा, तेही लिही. ते मी लिहिते आहे, कारण ते खरं असणार. पण धाकटीने वेगळा फोन करून सांगितलं की बारावीची परीक्षा होती तेव्हा तिने त्या पत्र्याखाली कंदिलावर अभ्यास केला, मार्चमध्ये, आणि पुस्तकं घरातली म्हणून वेगळी वही दिली होती. काकाजींना हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्यांनीच तो कंदील बाहेर ठेवला होता.

काकाजी, तुम्ही हे वाचणार मला माहीत आहे. रागावू नका. बंगई तुम्ही सांगितली तशीच केली आहे, कड्या पितळेच्या. आजोबांची छपरी आहे, कोनाडा आहे, कोठ्या आहेत. घर सुंदर होतं, यात मला शंका नाही. पण बव्हेरियातलं घर जळाल्यावर उरली ती यादी, आणि ती वाचून आज लोक सांगतात तिथे काय होतं. आपली यादी तुम्ही आणि मी करतो आहोत. राणीच्या बाहुलीघरातसुद्धा मोलकरणीची खोली आहे. आपल्या घरात आत्याची जागा नसावी?

आणि यात माझ्या मनाचं फारसं काही नाही, किटची रचनाच तशी आहे. या अमेरिकन घरांना पुढचा दर्शनी भाग पक्का असतो, दार, खिडक्या, सगळं बंद. मागची भिंत नसतेच. मुलांनी मागून हात घालून खेळायचं. म्हणजे भाची खेळायला बसेल तेव्हा तिच्या गुडघ्यापाशी सांदवाडी येणार, छपरी पलीकडे.

गेल्या रविवारी तो कोपरा केला. पत्रा जुन्या पावडरच्या डब्याचा, पेन्सिलीवर दाबून नाळी पाडल्या. तरट गव्हाच्या पोत्यातून कापलं. तांब्या भातुकलीतलाच मिळाला. कंदील मात्र अजून जमलेला नाही, काच कशाची करायची ते कुणाला सुचलं तर सांगा.

माप आत्यालाच विचारलं होतं. बाज मावायची नाही, म्हणाली, म्हणून खाली तरट. पाय पूर्ण लांब केले तर पत्र्याबाहेर जायचे. तीन फूट बाय पाच असेल.

तीन इंच बाय पाच.